परसदार : घागरभर पाण्याची बाग

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच होता. उन्हाळा तोंडावर आला आहे, विहीर तळाला गेली आहे, नळाला पाणी रोज येत नाहीं. अशा स्थितींत परसांतील झाडें जगवावीं तरी कशीं? एका भगिनींनीं तर स्पष्टच विचारलें आहे कीं, जेथें माणसांनाच पाणी पुरत नाहीं तेथें झाडांचे लाड करणें शोभतें काय ? प्रश्न मार्मिक आहे. आणि त्याचें उत्तर देण्यास आम्ही मोठे अधिकारी आहों अशांतला मात्र भाग नाहीं. कारण हाच प्रश्न आमच्या घरांत आम्हांसच विचारला गेला होता, आणि त्या वेळीं आम्ही निरुत्तर झालों होतों. ती हकीकत पुढें ओघानें येईलच. तूर्त मूळ विषयाकडे वळूं.

आम्ही राहतों तो सोलापूरकडील मुलूख. येथें वर्षाकाठीं पाऊस पडतो तो सरासरीनें पांचशें ते साडेपांचशें मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें वीस-बावीस इंच. आणि तोही कधीं मृगांत तोंड दाखवून दडी मारतो, तर कधीं हस्तांत एकदम कोसळून वाहून जातो. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो आणि दुपारचा वारा अंगाला भट्टीसारखा लागतो. अशा मुलखांत शेती कशी करावी याचा अभ्यास करण्याकरितां सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें. त्या शास्त्राचा विस्तार मोठा असला तरी त्याचें सार दोन वाक्यांत सांगतां येतें : पडलेलें पाणी जमिनींत मुरवावें, आणि मुरलेली ओल उडूं देऊं नये. शेताला जें लागू तेंच चार हात परसालाही लागू. पाणी आणावें कोठून, हा प्रश्न आपण नेहमीं आधीं विचारतों. वास्तविक पाहतां तें जातें कोठें, हा प्रश्न आधीं विचारावयास हवा.

ओल उडते कोठें ?

आमच्याकडील काळी माती स्वभावानें मोठी मानी आहे. पाणी मिळालें कीं ती फुगते. सुकली कीं आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर पाहणाराला वाटतें कीं, भेगांतून पाणी खोल उतरत असेल. उन्हाळ्यांत घडतें तें उलट. त्या भेगांतून खालची ओल वर येऊन उडून जाते, आणि नाजूक मुळ्या तुटतात त्या वेगळ्याच. म्हणून पाणी घातल्यानंतर वाफसा येतांच खुरप्यानें वरची बोटभर माती हलवून भुसभुशीत करावी, म्हणजे भेगा पडत नाहींत. 'एक कोळपणी, अर्धें पाणी' असें आमचे शेतकरी म्हणतात, तें उगाच नव्हे.

त्याहून सोपा उपाय आच्छादनाचा. शिक्षकाच्या पेशामुळें आम्हांस प्रत्येक गोष्ट करून पाहण्याची खोड आहे. आम्हीं एका मापाच्या दोन कुंड्या सारख्याच मातीनें भरल्या, दोहोंत सारखेंच पाणी घातलें आणि त्या शेजारीं शेजारीं उन्हांत ठेविल्या. एकीची माती उघडी ठेविली. दुसरीवर चार बोटें जाडीचा वाळला पाला पसरला. तिसऱ्या दिवशीं उघड्या कुंडींत बोट दोन पेरें खुपसलें तरी ओल लागेना. झांकलेल्या कुंडींत सहाव्या दिवशींही माती बोटाला चिकटत होती. आमच्या नातवंडांनीं हा प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यापासून अंगणांतील पालापाचोळा जाळण्याची आमच्या घरची जुनी वाईट चाल बंद झाली, हा त्यांतला दुसरा लाभ.

आच्छादनास वाळला पाला, उसाचें पाचट, कडब्याचीं बुरकुंडें, शेंगांचीं टरफलें, नारळाच्या शेंड्या, जें घरांत वायां जात असेल तें चालतें. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या. थर चार बोटांहून कमी नसावा. तो खोडाला टेकूं देऊं नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी. आणि वाळवीची भीति असेल तेथें त्यांत मूठ-दोन मुठी निंबोळीची पेंड मिसळावी. पावसाळा संपेतों हाच पाचोळा कुजून खत होतो.

पाणी केव्हां आणि किती

झाडाचीं पानें दुपारीं माना टाकतात आणि गृहिणीचें मन कळवळतें. ती लगेच बादली घेऊन धांवते. पण दुपारीं माना टाकलेलें झाड तहानलेलेंच असतें असें नाहीं. ऊन असह्य झालें कीं कित्येक झाडें पानें मिटून बसतात, जसे आपण दारें-खिडक्या लावून माजघरांत पडतों. संध्याकाळीं पाहावें. पानें आपोआप ताठ झालीं असतील तर त्याला कांहींएक नको आहे. सकाळच्या वेळींही तीं मलूलच असतील तर मात्र झाड खरेंच तहानलें आहे असें समजावें. शंका आल्यास मातींत बोट घालून पाहावें. या परीक्षेला पैसा पडत नाहीं, आणि ती सहसा चुकत नाहीं.

पाणी घालावें तें सूर्योदयाच्या सुमारास. उन्हांत तापलेल्या नळींतील पहिलें पाणी तर झाडास कधींच देऊं नये. तें हाताला चटका देतें, मग कोंवळ्या मुळीला काय करीत असेल? रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां-दोनदां पोटभर पाणी द्यावें. रोजच्या शिंपडण्यानें वरची दोन बोटें माती तेवढी भिजते. मुळें पाण्याच्या लोभानें वरच राहतात, आणि एक दिवस पाणी चुकलें कीं झाड कोलमडतें. खोल गेलेल्या पाण्यामागें मुळेंही खोल जातात. आणखी एक गोष्ट : मोठ्या झाडाचीं पाणी पिणारीं मुळें बुंध्याशीं नसतात, फांद्यांचा घेर जमिनीवर जेथें सावली टाकतो त्या कडेला तीं असतात. म्हणून आळें तेथें करावें, आणि बुंध्याभोवतीं मातीची उंचवटी करून तो कोरडा ठेवावा.

हें सर्व आम्ही आज ठामपणें लिहीत आहों. पण तें शिकण्यासाठीं आम्हांस एक झाड जवळजवळ गमवावें लागलें.

एका लिंबाची हकीकत

आमच्या परसांत कागदी लिंबाचें एक झाड आहे. तें आमच्या मातोश्रींनीं लाविलेलें. १९७२ सालीं पावसानें दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यांत आमच्या विहिरीच्या तळचा खडक उघडा पडला. तेव्हां आम्ही अकरा वर्षांचे होतों. लाल मिलोच्या भाकरी खाऊन आणि मैलभर दूरच्या विहिरीवरून कळशा वाहून आम्हीं ते दिवस काढले. लिंबाचें झाड तेव्हां जेमतेम कमरेएवढें होतें. "उपटून टाका तें, तेवढेंच एक तोंड कमी," असें वडील म्हणाले. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. झाड उपटलेंही गेलें नाहीं. त्याच्या बुंध्याशीं ओल कधीं दिसली नाहीं, पण तें वाळलेंही नाहीं. देवाची कृपा, असें म्हणून वडिलांनीं तो विषय सोडून दिला.

पुढें आम्ही २०१९ सालीं शाळेंतून निवृत्त झालों आणि परसाचा कारभार उत्साहानें हातीं घेतला. संस्कृताचा अभ्यास असल्यामुळें शास्त्राधार शोधण्याची संवय. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत लिहिलेल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. उन्हाळ्यांत झाडांस सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें, हिंवाळ्यांत एक दिवसाआड द्यावें, आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां द्यावें, अशा अर्थाचें वचन त्यांत आहे. झालें ! आम्हीं नळाला नळी जोडली आणि लिंबाला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजूं लागलों. दोन वर्षें हा नेम अखंड चालला. कोंवळीं पानें पिवळीं पडलीं, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. फुलोरा गळूं लागला. बुंध्याला डिंक सुटला. आम्हांस वाटलें, ऊन कडक आहे. आणि आम्हीं पाणी वाढविलें.

वैशाखांतील एका पहाटे चार दिवसांनीं नळाला पाणी आलें. आम्हीं नेहमींप्रमाणें आधीं नळी लाविली. लिंबाचें आळें तुडुंब भरलें, आणि टाकी भरण्यापूर्वींच पाणी गेलें. आमच्या थोरल्या वहिनी त्या वेळीं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांचें अंग पुसण्यापुरतेंही पाणी घरांत उरलें नाहीं. सूनबाई शेजारून दोन कळशा मागून घेऊन आल्या, त्या ओसरीवर ठेविल्या, आणि शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, झाडाला पाणी घालूं नका असें मी म्हणत नाहीं. पण एवढें पाणी घालून झाड सुधारत नाहीं, आणि घरांतल्या माणसाला तें मिळत नाहीं. मग तें जातें तरी कोणाला ?"

आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. आम्हीं वराहमिहिराचें वचन त्यांना अर्थासह ऐकविलें. त्यांनीं तें पुरतें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "हें नव्यानें लाविलेल्या रोपांविषयीं आहे, कीं पन्नास वर्षांच्या झाडाविषयीं ?" आम्हीं पोथी काढली. मागचे-पुढचे श्लोक रोप एका जागेहून उचलून दुसरीकडे लावण्याविषयींचे होते, आणि वचनांत 'रोपित' हा शब्द स्पष्ट होता. जन्मभर मुलांना संदर्भ पाहून अर्थ लावा असें सांगत आलों, आणि स्वतः संदर्भ सोडून अर्थ लाविला. दोष ग्रंथाचा नव्हे, वाचणाराचा.

त्या संध्याकाळीं आम्हीं कुदळ घेतली. बुंध्याजवळची माती उकरली तों खालीं नुसता चिखल, त्याला कुजका वास, आणि सालीला काळी कुज लागलेली. सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर तेथें होतें : पाणी बुरशीला जात होतें. जरा बाजूला, दोन हातांवर, कुदळ कशावर तरी खणकन् आदळली. चपटा दगड निघाला, आणि त्याखालीं गळ्यापर्यंत पुरलेली, कांठ फुटलेली एक मातीची घागर. तिच्या अंगाभोवतीं मुळांचें असें दाट जाळें गुंफलें होतें कीं, ती सोडवून काढतां येईना.

वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "भाऊजी, ती सासूबाईंची घागर. मी नवी सून होतें. भाज्या धुतलेलें पाणी फडक्यानें गाळून रोज संध्याकाळीं मीच तींत ओतीत असें. कोणी विचारलें नाहीं, म्हणून सांगितलें नाहीं."

ज्या बाईनें तें झाड जगविलें, तिच्याच अंगावरचें पाणी आम्हीं त्या झाडाला घालून तें मारावयास निघालों होतों. यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

घागरीची युक्ति

ही युक्ति साधी, पण शास्त्रशुद्ध आहे. कच्च्या अंगाच्या मातीच्या भांड्यांतून पाणी झिरपतें, हें माठामुळें सर्वांस ठाऊक आहे. भांडें जमिनींत पुरलें म्हणजे भोवतालची माती जशी सुकेल तसें तें पाणी ओढून घेते. माती ओली असली कीं झिरपणें मंदावतें. झाडाला लागेल तेवढेंच पाणी, लागेल तेव्हांच. वर कांहीं सांडत नाहीं, म्हणून उडतही नाहीं आणि तणही माजत नाहीं.

कुंभाराकडून पांच ते आठ लिटर पाणी मावेल असें अरुंद तोंडाचें साधें मडकें आणावें. रंग दिलेलें किंवा चकचकीत झिलई केलेलें नको. रोपापासून वीत-दीड वीत अंतरावर तें गळ्यापर्यंत पुरावें आणि गाळलेल्या पाण्यानें भरावें. तोंडावर झांकण हवेंच. तें नसेल तर पाणी उडतें, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांत डास अंडीं घालतात. डेंग्यूचा डास स्वच्छ सांठलेल्या पाण्यांतच वाढतो, हें सर्वांनीं ध्यानांत ठेवावें. एका मडक्याभोवतीं दोडका, दुधी, कारलें यांचे तीन-चार वेल सुखानें वाढतात. तीन-चार दिवसांनीं झांकण काढून पाहावें आणि कमी झालें असेल तेवढें भरावें. कूपनलिकेचें पाणी क्षारयुक्त असल्यास दोन-तीन वर्षांनीं मडक्याचीं छिद्रें बुजतात. मग मडकें बदलावें. मोठ्या जुन्या झाडाला मात्र हें एक मडकें पुरणार नाहीं. त्याला घेराच्या कडेनें आळेंच द्यावें.

लिंबाच्या उपचाराविषयीं विचारणा होईल म्हणून येथेंच सांगतों. बुंध्याभोवतालची माती दूर करून मुळांचा माथा उघडा केला. कुजलेली साल धारदार चाकूनें निरोगी भाग लागेपर्यंत खरवडली आणि ते तुकडे जाळून टाकले. नंतर मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम वेगवेगळ्या पाण्यांत भिजवून, एकत्र करून, एकंदर एक लिटर पाण्यांत बोर्डो मलम तयार केलें व तें बुंध्याला फांसलें. भांडें प्लास्टिकचें किंवा मातीचें घ्यावें, लोखंडाचें नको. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि तें भांडें पुन्हां स्वयंपाकघरांत नेऊं नये. पाणी आठवड्यावर आणलें. पश्चिमेकडची एक मोठी फांदी वाळली ती कापावी लागली. बाकीच्या झाडानें दुसऱ्या पावसाळ्यांत नवी पालवी धरली. त्यानंतर लागलेलीं पहिलीं अकरा लिंबें सूनबाईंनीं वहिनींच्या उशाशीं नेऊन ठेविलीं.

एकाच पाण्याचे दोन उपयोग

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येऊं. माणूस आधीं, झाड मागून; यांत दुमत असूं नये. परंतु घरांत येणारें पाणी माणसाच्या उपयोगीं पडून मग झाडाकडे गेलें, तर दोघांत भांडण उरतच नाहीं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलें पाणी, रात्रभर तांब्यांत राहिलेलें पाणी, मुलांच्या बाटल्यांतून उरलेलें पाणी, हें एका झांकणाच्या बादलींत सांठवावें. मोठ्या कुटुंबांत याची दिवसाला एक-दोन बादल्या सहज बेरीज होते. हें पाणी त्याच दिवशीं वापरावें, दुसऱ्या दिवशीं त्याला वास येतो. मडक्यांत घालावयाचें तें भाजी धुतलेलें पाणी गाळून. तांदळाचें धुवण तसेंच आळ्यांत ओतावें.

मोरींतील साबणाचें पाणी भाज्यांना देऊं नये. तें केळ, कर्दळ, अळू यांच्या बाजूला वळवावें. मात्र त्या अळूचीं पानें खाण्यास घेऊं नयेत. पाणी शुद्ध करण्याचें यंत्र पुष्कळ घरीं आहे. त्यांतून बाजूला पडणाऱ्या पाण्यांत क्षार एकवटलेले असतात. तें झाडांऐवजीं फरशी पुसण्यास किंवा संडासांत वापरावें. कुंडीच्या कांठावर पांढरा थर दिसूं लागला तर तो क्षारांचाच समजावा, आणि पहिल्या मोठ्या पावसांत अशा कुंड्या उघड्यावर ठेवून धुऊन निघूं द्याव्या.

पावसाच्या पाण्याचा हिशेब तर प्रत्येक घरच्या मुलांकडून एकदां करवून घ्यावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. चाळीस चौरस मीटरांची गच्ची आणि वर्षाचा पाऊस पांचशें मिलिमीटर धरला तर वीस हजार लिटर झालें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी सोळा हजार उरतात. म्हणजे पंधरा लिटरांच्या हजारावर बादल्या. त्या आज आपल्या गटारांतून वाहून जातात ! टाकी बांधण्याची ऐपत नसेल त्यांनीं निदान पन्हळाचें तोंड परसांतील शोषखड्ड्याकडे अथवा आळ्यांकडे वळवावें.

काय लावावें, काय लावूं नये

झाड निवडतांना हौस आणि हवामान यांचें लग्न जुळतें का तें पाहावें. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकेंतील नाजूक रोपें येथें आणून त्यांच्यामागें पाणी घेऊन धांवण्यापेक्षां, जीं झाडें आमच्या उन्हालाच आपलें माहेर मानतात तींच आपलीं करावीं. शेवगा, कढीलिंब, सीताफळ, बोर, आवळा, डाळिंब हीं एकदां रुजलीं कीं थोड्या पाण्यावर तग धरतात. डाळिंबाला तर हें हवामान इतकें मानवतें कीं, त्याच्या संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र २००५ सालीं सोलापुरासच स्थापन झालें. उन्हाळी भाज्यांत गवार, भेंडी, चवळी, तांदुळजा, अंबाडी आणि घोळ हीं लावावीं. मेथी, पालक, कोथिंबीर यांची खरी बहार थंडीची. देवपूजेच्या फुलांसाठीं तगर, सदाफुली, गुलबक्षी, पारिजातक, आणि उन्हाळ्याचा राजा मोगरा. मोगऱ्याची छाटणी पौष-माघांत करून मग खत-पाणी दिलें कीं चैत्रापासून परडी भरते. कण्हेर पाण्यावांचून फुलते खरी, पण तिचें सर्वांग विषारी आहे; लहान मुलें व गुरें असलेल्या घरीं ती कुंपणाबाहेरच बरी.

दोन झाडांत अंतर ठेवण्याविषयीं वराहमिहिरानें वीस हात उत्तम, सोळा मध्यम आणि बारा हात कनिष्ठ असें सांगितलें आहे. तें मोठ्या वृक्षांचें माप होय. परसांत तें जमणार नाहीं, पण दाटी करूं नये हा उपदेश जमण्यासारखा आहे. त्याच अध्यायांत, झाडें लावण्यापूर्वीं जमिनींत तीळ पेरावे आणि ते फुलावर आले कीं तेथेंच गाडावे, असें सांगितलें आहे. आज ज्याला हिरवळीचें खत म्हणतात तेंच हें. या वेळीं आम्हीं संदर्भ पाहून घेतला आहे, याविषयीं वाचकांनीं निश्चिंत असावें.

सावली आणि या महिन्याचीं कामें

आमच्याकडे झाडाचा खरा शत्रु पश्चिमेचें ऊन. सकाळचें ऊन पोसतें, दुपारी दोननंतरचें जाळतें. कुंड्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीशीं हलवाव्या आणि जवळ जवळ ठेवाव्या, म्हणजे त्या एकमेकींना सावली देतात. वाफ्यांवर पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा तट्ट्या, बारदान, जुनें लुगडें किंवा बाजारांत मिळणारी हिरवी जाळी बांधावी. निम्मी सावली देणारी जाळी पुरे. त्याहून दाट घेतल्यास भाज्या किडकिडीत वाढतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हांत फार तापतात. त्यांना बाहेरून बारदान गुंडाळावें. लिंब, डाळिंब यांच्या खोडांना दोन हात उंचीपर्यंत चुना लावावा, म्हणजे साल भाजत नाहीं.

या चैत्रांत करावयाचीं कामें येणेंप्रमाणें. सर्व आळीं हलवून वर आच्छादन घालावें. नवीन झाड आतां मुळींच लावूं नये. मृगाच्या पावसानंतर लावावयाच्या झाडांसाठीं दोन-अडीच हात लांब, रुंद व खोल खड्डे मात्र आतांच खणून ठेवावे. वैशाखाचें ऊन त्यांतील कीड व बुरशी पुष्कळशी मारतें. खड्ड्यांतील वरची व खालची माती वेगळी ठेवावी आणि भरतांना वरची माती शेणखतांत मिसळून तळाशीं घालावी. तुळशीच्या मंजिऱ्या वाळण्यापूर्वीं खुडाव्या, म्हणजे झाड उन्हाळ्यांत दमत नाहीं. आणि पांखरांसाठीं एक पसरट परळ सावलींत ठेवून त्यांतील पाणी रोज बदलावें. पांखरें त्याची परतफेड किडे वेंचून करतात.

शेवटीं एक विनंती. घरांत ज्या कोणी वडील बायका असतील त्यांना एकदां परसांत खुर्ची टाकून बसवावें, आणि कोणतें झाड कोणीं लाविलें, टंचाईच्या सालीं तें कसें जगलें, हें विचारून घ्यावें. उत्तर पोथींत सांपडणार नाहीं असें कांहीं तरी त्या खास सांगतील. आमच्या वहिनींना आम्हीं विचारलें तें पन्नास वर्षें उशिरा. मागील आश्विनांत त्या गेल्या. परसांतील घागर आम्हीं होती तेथेंच ठेविली आहे, नवें झांकण मात्र करून घेतलें आहे. ती आतां आमची नात भरते.

पुढील अंकीं पावसाळ्यापूर्वीं बियाणें कसें पारखावें याचा विचार करूं. आपल्या परसांतील अडचणी वाचकांनीं अवश्य कळवाव्या. मात्र झाड पिवळें पडलें असें लिहितांना तें पाणी किती पितें, हेंही सोबत लिहावें.